वाकडा टाका
माझ्या चिमुरड्या गिऱ्हाइकाचा एक पाय दोन बोटं आखूड. तिच्यासाठी उंच तळाचा बूट शिवला, उसवला, पुन्हा शिवला. आपल्या दुकानातून वाकडा टाका बाहेर जात नाही, ही मिजास. तीन महिन्यांनी बूट निर्दोष झाला आणि पायात शिरेना. पोर वाढली होती. डोंबलाची कारागिरी! आज नव्या मापाच्या दुसऱ्या बुटाला टाचेजवळ टाका वाकडा पडला. उसवायला हात सुरीकडे गेला. मुलीला घेऊन समोर बसलेली तिची आई कडाडली, "काका, टाके तुम्ही मोजता, पडते माझी पोर! पाय तुमच्यासाठी वाढायचा थांबेल का?" सुरी ठेवली. बूट मुलीच्या पायात चढवला, नाडी बांधली. ती उभी राहिली; पहिल्यांदाच दोन्ही खांदे एका रेषेत. मग फूटपाथवरून जी सुटली! "अगं, हळू!" आई ओरडली. मी त्याहून मोठ्यांदा ओरडलो, "पळ पोरी, झिजव तो बूट! फाटला की दुसरा शिवतो!"