पोस्टवाली

साहेबांनी काचेच्या केबिनमधून हाताने बोलावलं, तेव्हा पोस्टवाली उठली ती लॅपटॉप घेऊनच. ऑफिसात तिला सगळे याच नावाने हाक मारत. लिफ्ट बसवणाऱ्या या कंपनीच्या साहेबांच्या नावाने कामधंदेवाल्या लोकांच्या नेटवर्कवर जे काही झळकायचं, ते सगळं तिच्या हातचं असे. आणि साहेब बिनदिक्कत सांगत, "मी बोलतो तसंच लिहितो."

"मास्तर गेले," साहेब म्हणाले.

"कुठे?"

"गेले गं. साइटवर छातीत कळ आली. हॉस्पिटलात पोचेपर्यंत संपलं सगळं. आत्ताच तिथल्या इंजिनिअरचा फोन येऊन गेला."

मास्तर म्हणजे कंपनीतले सगळ्यांत जुने इंजिनिअर. खुद्द साहेब त्यांच्या हाताखाली शिकलेले. कालच परगावच्या साइटवर निघताना ते तिच्याशी थांबून म्हणाले होते, "काय पोस्टवाली, आज साहेबांना कसला साक्षात्कार झालाय?"

साहेबांचे डोळे लाल झाले होते. रडणं खोटं नव्हतं.

"काहीतरी लिही," ते म्हणाले. "माझ्या नावाने. आत्ता."

"आत्ता?"

"बाहेरचं कुणी लिहायच्या आधी आपलं गेलं पाहिजे. त्यांच्यासाठीच म्हणतोय मी. माणूस काय होता ते कळू दे जगाला. आणि हे बघ, रडकं नको. पहिल्या ओळीला अंगठा थांबला पाहिजे."

घरी कळवलं का, हे तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तेवढ्यात पहिली ओळ सुचली.

'ज्याने आयुष्यभर लोकांना वर पोचवलं, तो माणूस आज स्वतःच निघून गेला.'

मग हात थांबेना. नवी लिफ्ट बसली की पहिली फेरी मास्तर एकटे मारत, दुसऱ्या कुणाला आत पाऊल टाकू देत नसत, ते आलं. दार उघडून बाहेर आल्यावर 'या आता' म्हणत, ते आलं. छोटी वाक्यं, मधे मोकळी जागा, शेवटी वाचणाऱ्यालाच एक प्रश्न: तुमच्या आयुष्यातले मास्तर कोण? डोळ्यांतून धार लागली होती, तरी 'दुःखद' खोडून तिने 'अचानक' केलं, कारण ते जास्त खरं वाटत होतं.

साहेबांनी वाचलं. चष्मा काढला. "अगदी माझ्या मनातलं," म्हणाले. हेल्मेट घालून हसणाऱ्या मास्तरांचा फोटो लावला आणि पोस्ट टाकून दिली.

बघता बघता झुंबड उडाली. बदामांचा पाऊस पडला. ज्यांनी कंत्राटापायी मास्तरांशी उभा दावा मांडला होता, त्यांनीही हात जोडले. साहेब लोकांनी खाली लिहिलेली एकेक ओळ वाचून दाखवत होते. आणि पोस्टवालीला, काय म्हणावं, आत कुठेतरी बरंही वाटत होतं. मास्तरांचं सोनं झालं असं वाटत होतं.

तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला. मास्तरांची मुलगी. नुकतीच कॉलेजातून बाहेर पडून नोकरी शोधणारी. मास्तरांच्या शब्दाखातर तिची प्रोफाइल पोस्टवालीनेच लिहून दिली होती.

"अगं..." पोस्टवाली म्हणाली.

"ताई, साहेबांचं अकाउंट हॅक झालंय का?"

"काय?"

"बाबांबद्दल काय वाट्टेल ते लिहिलंय हो! मैत्रिणीने पाठवलं मला. खाली लोक श्रद्धांजली काय वाहतायत! प्लीज काढायला सांगा आधी. आईने बघितलं ना, तर जीव जाईल तिचा."

फोनवर तळवा दाबून पोस्टवालीने कसंबसं विचारलं, "साहेब, मास्तरांच्या घरी कुणी कळवलं?"

"त्या इंजिनिअरला मी म्हटलं की..." साहेब अडखळले. "नाही. तोच म्हणाला, तुम्ही ऑफिसातून कळवा." त्यांच्या हातातल्या स्क्रीनवर बदाम उगवतच होते.

"ताई? बोला ना. बाबा फोनपण उचलत नाहीयेत. मीटिंगमध्ये असतील ना?"

"अकाउंट हॅक नाही झालेलं गं," पोस्टवाली म्हणाली. "ते मी लिहिलंय."

पलीकडे मागून एका बाईचा आवाज आला. "कुणाचा फोन? अशी काय बघतेस खुळ्यासारखी? दे इकडे."

"हॅलो, कोण?"

"काकू... मी ऑफिसातून."

"पोस्टवाली का? अगबाई! हे फार कौतुक करतात हो तुझं. म्हणतात, पोरीच्या हातात जादू आहे." काकू हसल्या. "तिकडे गेले की यांना घराची आठवण राहत नाही बघ. सकाळपासून एक फोन नाही. संध्याकाळी येतायत ना?"

साहेबांनी फोनसाठी हात पुढे केला. मग काय वाटलं कोण जाणे, तो हळूच मागे घेतला आणि काचेबाहेर बघत उभे राहिले.

"काकू," पोस्टवाली म्हणाली, "आधी जरा खाली बसा."

"बसते की. एवढं काय आहे?"

फरशीवरून खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"हं, बसले," काकू म्हणाल्या. "बोल आता."