पाव फेरा

माशांच्या टाकीखालचं कपाट सताड उघडं होतं आणि फिटर त्यात कमरेपर्यंत शिरला होता. कान पाइपला, हात व्हॉल्व्हवर. त्याने व्हॉल्व्ह केसभर फिरवला. मग आणखी केसभर. वरून उतरणाऱ्या पाण्याची गुडगुड बारीक होत गेली आणि थांबली. पाणी वाहत होतं, पण आवाज नावाला नव्हता.

"अगं, ऐक!" तो आतूनच ओरडला.

बायको हात पुसत आली. कान देऊन उभी राहिली. "आत्ता नाहीये," ती म्हणाली. "उद्या पुन्हा सुरू होईल. आणि झालं ना, तर टाकी समोरच्या दातांच्या डॉक्टरांकडे जाणार. त्यांच्या पेशंटना तेवढाच विरंगुळा. सांगून ठेवते."

फिटर अंग चोरत कपाटाबाहेर आला. हे चौथ्यांदा होत होतं.

पाणीपुरवठा खात्यात चौतीस वर्षं त्याने नळ जोडले होते. निवृत्त झाला आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसला, तो बसलाच. पाच महिने. दाढी आठ-आठ दिवसांची, जेवण दोन घासांचं, बोलणं 'हं' एवढंच. शेवटी लेकीने ही टाकी आणून ठेवली. मग तो खिडकीऐवजी माशांकडे बघू लागला, इतकाच काय तो फरक. पण मासे त्याला आवडले होते. सकाळी उठावंसं वाटायला तेवढंच एक कारण उरलं होतं. आणि नेमकं तेव्हाच बायकोने जाहीर केलं, की ह्या गुडगुडीने तिचं डोकं उठतं. घरात एक तर गुडगुड राहील, नाहीतर ती.

तेव्हा कुठे फिटर खुर्चीतून उठला.

टाकीचं पाणी एका पाइपाने खालच्या कपाटातल्या गाळणीच्या डब्यात उतरायचं आणि पंप ते पुन्हा वर चढवायचा. आधी त्याने त्या पाइपाच्या तोंडात स्पंज कोंबला. आवाज गेला, पण टाकी भरून पाणी फरशीवर आलं. मग त्याने नीट विचार केला. पाण्याबरोबर पाइप हवाही गिळत होता आणि बोंब होती ती त्या हवेची. त्याने एकाच्या जागी तीन पाइप उतरवले. पहिला पाण्याने पूर्ण भरून वाहणारा, हवेला शिरायला जागाच नाही. त्याच्यावर व्हॉल्व्ह. दुसऱ्यातून उरलीसुरली धार. तिसरा एरवी कोरडाच, पहिले दोन तुंबले तर घराचं तळं होऊ नये म्हणून. बायकोने विचारलं, "जो कधी वापरायचाच नाही, तो कशाला?" फिटर तिला तासभर समजावत बसला. व्हॉल्व्ह जास्त उघडला तर काय होतं, जास्त बंद केला तर काय होतं, सगळं. तिनेही खोदून खोदून विचारलं. पाच महिन्यांत दोघं एवढी बोलली नव्हती.

सामान आणायला बाहेर पडावं लागे, म्हणून दाढी होऊ लागली. हार्डवेअरवाला म्हणाला, "काका, मासे पाळताय की धरण बांधताय?" फिटर कितीतरी दिवसांनी मोठ्याने हसला. त्याचं काम बघून वरच्या मजल्यावरच्या बाईंनी गळका फ्लश दाखवायला बोलावलं, मग त्यांच्या शेजारच्यांनी. भूक लागू लागली. झोपही लागू लागली, दुपारचीसुद्धा.

फक्त तो व्हॉल्व्ह काही ऐकेना. संध्याकाळी गप्प केला, की दुसऱ्या दिवशी दुपारनंतर गुडगुड हजर. फिटरने खिळ्याने व्हॉल्व्हवर खूण केली. दुसऱ्या दिवशी खूण बरोबर पाव फेरा सरकलेली. पंपाच्या थरथरीने आटे ढिले होत असणार. त्याने पंपाखाली रबर घातलं. व्हॉल्व्ह बदलला, तोही एकदा नाही, दोनदा. चौतीस वर्षांत त्याने व्हॉल्व्हच्या इतक्या खोड्या पाहिल्या होत्या, की माणसाचा संशय घ्यायचं त्याच्या डोक्यातच आलं नाही.

कालही त्याने तो गप्प केला होता. आज दुपारी जेवण झाल्यावर, गुडगुड परतायच्या आत, तो आणखी एक नवा व्हॉल्व्ह आणायला निघाला. कोपऱ्यापर्यंत गेला आणि लक्षात आलं, चष्मा घरीच राहिला. तो परतला. दार नुसतं लोटलेलं होतं.

बायको कपाटासमोर फतकल मारून बसली होती. कान पाइपला, हात व्हॉल्व्हवर. तिने तो हळूच फिरवला, उघडायच्या बाजूला. बंद करायच्या बाजूला नाही, कारण त्याने पाणी चढतं. पाव फेरा होताच पाइपाने हवा गिळली आणि तो गुडगुडायला लागला. तिने वाकून तिसरा पाइप चाचपला. कोरडा होता. मग पदराने व्हॉल्व्हवरचा हाताचा डाग पुसला आणि कपाट बंद केलं. फरशीवर एक थेंब नाही. खात्यात कितीक शिकाऊ त्याच्या हाताखालून गेले, पण पहिल्या महिन्यात एवढा हलका हात त्याने कुणाचा पाहिला नव्हता.

फिटर पाऊल न वाजवता मागे सरला. दार ओढून घेतलं. जिन्यात उभं राहून त्याने डोळे पुसले, घसा साफ केला आणि मग घंटी वाजवली.

दार उघडताच ती कपाळाला हात लावून म्हणाली, "अहो, ऐकलंत? झालं पुन्हा सुरू! करू का त्या डॉक्टरांना फोन?"

फिटरने कान देऊन गुडगुड ऐकली, चेहरा गंभीर केला आणि म्हणाला, "थांब थोडी. पण ह्या वेळचं दुखणं जुनं दिसतंय. वर्षभर तरी लागेल मला."