हाडांची नावं

कोळवणची नम्रता नर्सिंगला होती. सुट्टीला घरी आली की आईलाच समोर बसवून हाडं पाठ करायची. तिच्या खांद्यापासून बोटांपर्यंत हात फिरवत नावं घ्यायची, "क्लॅव्हिकल, ह्यूमरस, रेडियस, अल्ना..." दिवसभर भातलावणी करून आंबून गेलेली इंदूबाई डोळे मिटून मुकाट बसायची. आपल्यापायी आईला ताटकळावं लागतं, याचं नम्रताला फार वाईट वाटायचं.

आज एकही नाव चुकलं नाही.

"झालं पाठ! सुटलीस गं आई एकदाची."

इंदूबाईनं हात मागं घेतला नाही.

"एकडाव परत म्हण की."

"आता कशाला?"

"माझी आय गेल्यापासनं असा अंगावरनं हात फिरवला न्हाई गं कुणी."