खर्जाचा आवाज

वादळाने बायको नेली आणि सेमिसीने देवाशी बोलणंच टाकलं. ‘देवाची मर्जी’ म्हणत सांत्वनाला आलेल्यांना त्याने हाकलून दिलं. बरंच केलं. आम्हा टोंगा बेटांवरच्या लोकांच्या चर्चमध्ये गाणं नुसत्या गळ्यावर चालतं आणि गावात खर्ज लावणारा हा एकटाच. आता रविवारी तो समोरच्या ओट्यावर चर्चकडे पाठ करून बसायचा आणि आमचं बेसूर गाणं ऐकून दातओठ खायचा.

काल मात्र तरातरा आत आला.

“गाढवांनो, माझ्या लोसालीनेचं आवडतं गाणं हे! देवासमोर असं नासवता?”

मग त्याने डोळे मिटून खर्ज लावला. शेवटचं ‘आमेन’ त्याचंच सगळ्यांत मोठं.

पाद्रीबाबा आमच्याकडे वळून कुजबुजले,



“शाब्बास! पुढच्या रविवारपासून सुरात गायलात तरी चालेल.”