दोन कणसं

कामावरून दमून आलेल्या वैजूने चप्पलही न काढता फोनवरच्या खेळाचा अहवाल उघडला. हल्ली तिची प्रतिकृतीच तिच्या सगळ्या सवयी घेऊन तिच्या जागी दिवसभर खेळायची. राक्षस मारायचं त्राण तिच्यात कुठे उरलं होतं?

'प्रतिकृती रोज चाळीस मिनिटं नदीकाठी नुसती बसते. ही सवय काढू?'

पूर्वी लढाई संपली की ती आणि दादा तिथे कणसं भाजत गप्पा मारायचे. तिने दादाला फोन लावला.

"तुझ्या प्रतिकृतीबद्दलही विचारलं का रे, नदीकाठचं?"

"हो, महिना झाला. काढ म्हटलं. आता लेव्हल कशी झपाझप वाढतेय! तूही टाक काढून."

वैजूने अहवालातला नदीकाठचा तपशील उघडला. महिनाभर तिची प्रतिकृती रोज दोन कणसं भाजत होती आणि एकच खात होती.