उंदराचं औषध

"उंदरांना देता, मग बापाला का नाही?" आईने विचारलं. मुलीकडे उत्तर होतं, पण ते ऐकायला घरात कुणी तयार नव्हतं.

बाबांची फुफ्फुसं आतून कुरतडली जात होती. शरीरातले काही रस फार खादाड असतात, त्यांना आवर घालायला एक प्रथिन लागतं. बाबांकडे ते जन्मापासूनच तोकडं होतं. डॉक्टरांनी हात टेकले होते. आणि मुलगी प्रयोगशाळेत नेमकं तेच प्रथिन करत होती, फक्त उंदराचं. उंदराचं जनुक जिवाणूंत घालायचं, त्यांच्याकडून प्रथिन बनवून घ्यायचं आणि ते आजारी उंदरांना द्यायचं. उंदीर टुणटुणीत होत होते. दैवाने थट्टा करावी ती अशी.

"बाबा, माणसाचं शरीर त्याला परकं समजतं. सुरुवातीला सोसेल, पण एक दिवस अंगावर उलटेल. श्वासच बंद होईल."

"अगं, शेपूट फुटलं तरी चालेल," बाबा धापा टाकत म्हणाले. "जिना चढता आला म्हणजे झालं."

आई हसली नाही. डोळे पुसत आत गेली.

शेवटी मुलगी नमली. म्हणजे तसं दाखवलं. प्रयोगशाळेत लाल झाकणाच्या कुपीत प्रथिन असे आणि निळ्या झाकणाच्या कुपीत नुसतं मिठाचं पाणी. तुलनेसाठी निम्म्या उंदरांना पाणीच द्यायचं असे. तिने निळ्या कुप्यांचा एक डबा फ्रीजमध्ये आपल्या कप्प्यात ठेवला आणि रोज एक कुपी पर्समध्ये लपवून न्यायला लागली. आई ती वाफेच्या मशीनमध्ये ओतायची. पाण्याने कुणाचं वाईट होत नाही, अशी मुलीने मनाची समजूत घातली.

शेजारच्या टेबलावरचा सहकारी दिवसभर प्रथिन शुद्ध करायचा, म्हणून सगळे त्याला 'गाळणी' म्हणत. भिडस्त माणूस. "बाबा कसे आहेत?" एवढंच विचारायचा.

बाबांना खरंच उतार पडला. एका सकाळी ते जिना चढले आणि वरून ओरडले, "उंदीर गच्चीवर पोचला गं!" आई कितीतरी दिवसांनी खळखळून हसली. मुलीला मात्र रडू आलं. माणूस किती भाबडा, पाण्यालाही भुलतो. बाबा जिना चढल्याचं तिने गाळणीला सांगितलं, तेव्हा त्याचा चेहरा तिच्यापेक्षा जास्त फुलला.

मग एका संध्याकाळी आईचा फोन आला. वाफ घेता घेता बाबांनी गळा धरला होता. ती पोहोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

"आजारच तसा," नातेवाईक म्हणाले. "लेकीने जिवाचं रान केलं," आई येईल त्याला सांगत राहिली. ते ऐकताना तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

ती कामावर परतली तेव्हा गाळणी चहा घेऊन आला.

"तू तुझ्याकडून सगळं केलंस."

"काही केलं नाही रे मी!" तिचा बांध फुटला. "काहीच दिलं नाही त्यांना."

"दिलंस," तो हळूच म्हणाला. "चोरून नेताना मी पाहिलं होतं. तुझ्याइतकं यातलं कुणाला कळतं? तू ठरवलंस म्हणजे विचार करूनच. पण काळजीच्या भरात तू चुकून निळ्याच कुप्या नेत होतीस. तोंडावर कसं सांगायचं, म्हणून रोज तुझ्या डब्यातल्या निळ्या कुपीतलं पाणी ओतून मीच तिच्यात खरं प्रथिन भरून ठेवत होतो."