हाताचा गुण

कोट बेतून झाला आणि मास्तरांच्या हाताने उरलेले कापड सवयीने टेबलाखाली सरकवले.

"अहो!" काजे करता करता पत्नीने मान वर केली. "काढा ते बाहेर. हा कोट ज्यांचा, त्या बाई आता वकील राहिल्या नाहीत, न्यायाधीश झाल्यात. परवा एकाने सायकलची घंटा चोरली, तर त्याला आत टाकलं म्हणे! तुम्हाला काय, कैद्यांचे कपडे शिवत बसायचंय?"

कापड मारणे हा मास्तरांच्या लेखी गुन्हा नव्हताच. तो हाताचा गुण होता. गिऱ्हाइकाने कितीही कापड आणले, तरी "जेमतेम पुरलं हो!" असे म्हणूनच ते शिवलेला कपडा हाती देत. या बाईंच्या कृपेने त्यांचे सगळे मेव्हणे काळी जाकिटे घालून मिरवत होते.

मास्तरांनी कापड बाहेर काढले. मऊसूत, काळेभोर, बोटांतून निसटणारे. थोड्या वेळाने हात पुन्हा तिकडे वळला. मास्तरांनी तो दुसऱ्या हाताने धरला. अखेर इस्त्री करून, घडी घालून, वर फीत बांधून त्यांनी ते कापड स्वतःपासून दूर, फळीवर ठेवले, तेव्हा कुठे त्यांच्या जिवात जीव आला.

दुसऱ्या दिवशी बाईंनी कोट घालून पाहिला. आरशापुढे उभ्या राहून त्या खूश झाल्या.

"सुरेख बसला हो, मास्तर!"

"आणि हे आपलं उरलेलं कापड, बाईसाहेब." मास्तरांची छाती अभिमानाने फुगली होती. "चिंधीसुद्धा ठेवून घेतली नाही."

बाईंनी फीत सोडली. कापड टेबलभर पसरले.

"अगं बाई! यात तर एक जाकीट होईल."

"अगदी आरामात होतं, बाईसाहेब," मास्तर अनुभवाने बोलून गेले.

आत पत्नीने जीभ चावली.

बाई कापडावरून हात फिरवत राहिल्या. मग त्यांचा हात थांबला.

"मास्तर, दरवर्षी कोटाला मी एवढंच कापड देते. आणि माझं माप तर तसूभरही बदललेलं नाही."

मास्तर बसायला मागचे स्टूल चाचपू लागले.

"बसू नका," चष्मा नाकावर चढवत बाई म्हणाल्या. "आरोपी उभा राहूनच बोलतो."